अटकेचे कारण आणि अटकेची बेरीज



कायदा पुस्तकात असतो, सत्ता मंत्रालयात असते. पण या दोहोंचा हात सामान्य माणसाच्या खांद्यावर पडतो तो पोलीस ठाण्यात. हा हात शिपायाचा असतो, हवालदाराचा असतो, फार तर फौजदाराचा. पोलीस दलातली बहुसंख्य माणसे याच पायऱ्यांवर नोकरीला लागतात आणि त्यांतली बरीचशी याच पायऱ्यांवरून निवृत्त होतात. अटकेविषयी बोलताना निवाड्यांपासून आणि कलमांपासून सुरुवात करायची रीत आहे. इथे सुरुवात त्या हातापासून करायची आहे. तो किती तास राबतो? वरून त्याच्याकडे काय मागितले जाते? आणि मागितलेले पुरे करायला तो कोणाला धरतो? हे तीन प्रश्न ओळीने घेतले की कायद्याचा चौथा प्रश्न आपोआप समोर येतो.

पहिला प्रश्न तासांचा.

सकाळची हजेरी झाली की ठाण्यातली माणसे दहा ठिकाणी पांगतात. एक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसतो. येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक फोन, प्रत्येक रडारड त्याच्यापाशी. एक लॉकअपच्या गार्डला, एक वायरलेसवर, एक मुद्देमालाच्या खोलीत, एक गुन्हेनोंदीच्या सीसीटीएनएस संगणकावर. एक-दोघे कोर्टात. दोघे समन्स-वॉरंट घेऊन हद्दीत. गोपनीयचे काम पाहणारा साध्या कपड्यांत मोर्च्याची खबर काढायला. उरलेल्यांतून बीट, गस्त, नाकाबंदी, आणि मग बंदोबस्त. बंदोबस्त हा शब्द महाराष्ट्रातल्या शिपायाच्या आयुष्यात पावसासारखा आहे. येणार हे ठाऊक असते, किती वेळ टिकेल ते नसते. गणपतीचे दहा दिवस, आषाढी वारी, ईद, नवरात्र, सहा डिसेंबरची चैत्यभूमी, निवडणुका, मंत्र्यांचा दौरा, अतिक्रमण हटाव. या काळात रजा बंद. रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला सकाळी साक्षीसाठी कोर्टात उभे राहावे लागणे, ही तर तक्रार करण्याजोगी गोष्टसुद्धा मानली जात नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या देशव्यापी अभ्यासात ठाण्यातले जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज ८ तासांपेक्षा जास्त काम करताना आढळले. आपल्या माणसांना ११ तास किंवा त्याहून अधिक राबावे लागते, असे ६८ टक्क्यांहून अधिक ठाणे प्रमुखांनीच सांगितले. महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांच्या पाहणीत सरासरी कामाचा दिवस १४ तासांचा निघाला.

हे बदलता येत नाही काय? मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मांडणी त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने केली होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे ती शहरातल्या इतर ठाण्यांतही नेली गेली. खालून आलेली सूचना वर ऐकली गेली, हे या प्रयोगाचे खरे नवल. कारण पोलिसाला आपले गाऱ्हाणे मांडायला संघटनेचा मार्ग जवळजवळ नाही. १९६६ च्या पोलीस दले (हक्क मर्यादा) कायद्याने तो अरुंद केला. मुंबईत १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांचे आंदोलन भडकले, शहरात दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले, आणि शिपायांच्या संघटनेची मान्यता गेली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या पोलिसात एक धडा मुरलेला आहे: वर ‘नाही’ म्हणायचे नाही.

तासांची ही हकिगत अटकेच्या विषयात कशाला, असे वाटेल. दमलेला आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेला माणूस हा आकड्याच्या मागणीपुढे सर्वांत आधी वाकतो, म्हणून.

दुसरा प्रश्न मागणीचा.

महिन्यातून एकदा अधीक्षकांकडे किंवा उपायुक्तांकडे गुन्हे आढावा बैठक होते. ठाण्यात तिला क्राइम मीटिंग म्हणतात. प्रत्येक ठाण्याचा प्रभारी अधिकारी आपला तक्ता घेऊन जातो. दाखल गुन्हे, उघड गुन्हे, प्रलंबित तपास, पाहिजे असलेले आरोपी, वॉरंट बजावणी, दारूबंदी, जुगार, प्रतिबंधक कारवाई, तडीपारीचे प्रस्ताव: ज्याला त्याला आपला रकाना. त्याच्या शेजारी मागच्या महिन्याचा आकडा, आणि त्याच्या शेजारी मागच्या वर्षी याच महिन्याचा.

इथे अटकांचे लक्ष्य लेखी दिलेले असते काय? तशी गरजच नसते. तिसरा आकडा पुरतो. ‘गेल्या साली या महिन्यात अमुक होते, यंदा निम्मेच कसे?’ एवढा प्रश्न भरल्या बैठकीत विचारला की बाकीचे काम तो प्रश्नच करतो. प्रभारी अधिकारी ठाण्यावर परततो, संध्याकाळी तोच प्रश्न फौजदारांना, आणि रात्रीपर्यंत तो बीटच्या हवालदाराला. खाली येता येता प्रश्नचिन्ह गळून पडते आणि हुकूम उरतो. (रशियात या पद्धतीला काठ्यांची पद्धत म्हणतात, केलेल्या प्रत्येक कारवाईची एक काठी, म्हणजे एक उभी रेघ. तिथेही माप तेच: मागच्या वर्षीच्या याच काळाशी तुलना.)

वरिष्ठ असा प्रश्न का विचारतात, हेही न्यायाने पाहिले पाहिजे. जिल्ह्यात ठाणी अनेक, अंतरे लांब, अधीक्षकाला प्रत्येक बीटवर उभे राहता येत नाही. कोण काम करतो आणि कोण खुर्ची उबवतो, हे कळायला काहीतरी माप लागते. विधिमंडळात प्रश्न येतो, वर्तमानपत्र विचारते, एखादा गंभीर गुन्हा घडला की ‘पोलीस काय करत होते’ अशी ओरड होते; तेव्हा पुढे ठेवायला कागद लागतो. अटक मोजता येते. तिला तारीख असते, नाव असते, कलम असते. अडचण अशी की पोलिसाचे उत्तम काम नेमके मोजता येत नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. दोन भावांत बांधाचे भांडण आहे. कोणीतरी बांध कोरला, कोणीतरी कुऱ्हाड दाखवली. बीटचा जुना हवालदार दोघांना पारावर बसवतो, चहा मागवतो, एकाच्या सासऱ्याला आणि दुसऱ्याच्या मामाला बोलावून घेतो, तलाठ्याकडून मोजणीची तारीख विचारून देतो, आणि उठताना दोघांना दम भरतो. भांडण निवते. त्या महिन्याच्या तक्त्यात या कामाची नोंद काय? शून्य. आता दुसरा हवालदार घ्यावा. तो कोणालाही बसवत नाही. दोन्हीकडच्या चार-चार माणसांवर चॅप्टर केस करतो. तक्त्यात प्रतिबंधक कारवाईच्या रकान्यात आठ. तिसरा हवालदार काहीच करत नाही, पेरणीच्या सुमारास खून पडतो, आरोपी तर घरचाच, दुपारपर्यंत अटक. तक्त्यात खुनाचा एक गुन्हा दाखल, एक उघड, शंभर टक्के. तिघांत कामाचा माणूस कोण, हे गावातले पोरही सांगेल. तक्ता मात्र पहिल्याला कोरा ठेवतो.

चॅप्टर केस या शब्दाचा इतिहास मजेचा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात शांतता राखण्याची आणि चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कलमे होती. १०७, १०९, ११०. म्हणून ती चॅप्टर केस. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, नागरिक सुरक्षा संहितेत तो मजकूर नवव्या प्रकरणात गेला, कलमे १२६, १२८, १२९ झाली. ठाण्यातला शब्द तसाच राहिला. या कलमांत गुन्हा घडलेला असावा लागत नाही. घडण्याची भीती पुरते. आणि जिथे भीती पुरते, तिथे आकडा वाढवायला अडचण कसली?

तिसरा प्रश्न: मग धरले कोणाला जाते?

महिनाअखेर आहे आणि जुगाराचा रकाना रिकामा आहे. मटक्याचा धंदा चालवणारा कोण, हे हद्दीत सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्यापर्यंत पोहोचायला चिठ्ठी लिहिणाऱ्यापासून वर एकेक दुवा जोडत जावे लागते, त्याला आठवडे लागतात, आणि त्याला वकीलही असतो. याउलट ओढ्याकाठी बाभळीखाली चार हमाल दुपारी पत्ते कुटत बसलेले असतात. दोन पंच घेतले जातात. छापा. पत्त्यांचा कॅट, अंथरलेले पोते, शे-दोनशे रुपये जप्त. पंचनामा, जप्ती, लेबल, सह्या, अंगठे, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम, फिर्याद, संगणकावर नोंद, मुद्देमाल जमा, पुढे कोर्ट. तीन माणसांचा अर्धा दिवस गेला. हमालांची त्या दिवसाची मजुरी गेली आणि पुढच्या तारखांच्याही मजुऱ्या जातील. मटका त्या संध्याकाळीही वेळेवर खुला झाला.

ही केस खोटी नाही, हे लक्षात घ्यावे. पत्ते होते, पैसे होते, कलम लागू होते. आकड्याचा दबाव पोलिसाला प्रत्येक वेळी खोटे करायला लावतो असे नाही. तो त्याची नजर वळवतो. अवघडाकडून सोप्याकडे, दाराआडच्याकडून उघड्यावरच्याकडे, मालकाकडून हमालाकडे. दारूबंदीच्या रकान्यात पिणारा आणि पाच-दहा बाटल्या विकणारी बाई येते, पुरवठादार येत नाही. अमली पदार्थांत ओढणारा येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १२२ वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद अवस्थेत सापडलेल्या माणसासाठी आहे. पण रात्री दोन वाजता रस्त्यावर असतो कोण? ज्याला छप्पर नाही तो, ज्याची पाळी आत्ता सुटली तो, आणि ज्याला आपण इथे का आहोत हे नीट शब्दांत सांगता येत नाही तो.

या नजरेला महाराष्ट्रात जुनी पाऊलवाट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मानेच गुन्हेगार ठरवली, त्यांची नोंदपुस्तके केली, हजेऱ्या लावल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. तो भाग आजही सेटलमेंट म्हणून ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले, आणि सवयही राहिली. कुठे घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर गाडी जाते. पालावरच्या माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसतो, ओळखीचा नगरसेवक नसतो, जामीनदार नसतो. म्हणजे आकड्याला लागतात ते सगळे गुण त्याच्यात असतात.

आकड्याची दुसरी बाजू अशी की काही रकाने वाढवायचे असतात, तर काही दाबायचे. चोऱ्या वाढलेल्या दिसू नयेत. मोबाइल गेलेला तरुण ठाण्यात येतो आणि ‘चोरीला गेला’ म्हणतो. समोरून सल्ला मिळतो: ‘गहाळ झाला असे लिहा.’ एका शब्दाने गुन्ह्याचा दाखला होतो. मारहाणीची तक्रार अदखलपात्र म्हणून, म्हणजे एनसी करून, वाटेला लावली जाते. देशभरच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या बोलीत याला बर्किंग म्हणतात. एडिंबरात १८२८ मध्ये माणसांचे श्वास कोंडून त्यांची प्रेते विकणाऱ्या विल्यम बर्कच्या नावावरून तो शब्द आला. तक्रारीचा श्वास कोंडणे, असा अर्थ. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की प्राथमिकी नोंदवलीच पाहिजे, असे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितले. सांगावे लागले, यातच सगळे आले.

हे दुखणे आपल्याच मातीतले आहे काय? तसे नाही. एक मोठे शहर आणि एक देश याच वाटेने गेले आणि परत आले, म्हणून त्यांचा अनुभव उपयोगी.

न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी कॉम्पस्टॅट ही पद्धत सुरू केली. गुन्हा कुठे, केव्हा घडतो याचा ताजा नकाशा भिंतीवर आणि त्यासमोर ठाण्याचा प्रमुख उभा. मूळ कल्पना चांगली होती. नकाशावर गुन्हे मोजायचे होते आणि माणसे तिथे पाठवायची होती. हळूहळू गुन्ह्यांच्या जोडीला पोलिसांच्या हालचाली मोजल्या जाऊ लागल्या: किती लोकांना थांबवले, किती दंडाच्या पावत्या, किती अटका. रस्त्यात थांबवून अंगझडती घेण्याच्या घटना २००२ मध्ये ९७ हजारांच्या आसपास होत्या, त्या २०११ मध्ये ६,८५,७२४ झाल्या. ब्रुकलिनमधल्या एका ठाण्याचा शिपाई एड्रियन स्कूलक्राफ्ट याने हजेरीच्या वेळची बोलणी गुपचूप ध्वनिमुद्रित केली. २०१० मध्ये ती छापून आली तेव्हा आकड्यांसाठी शिपायांवर कसा दबाव येतो आणि तक्रारी कशा हलक्या केल्या जातात, ते साऱ्या शहराने वाचले. त्या शिपायाला मध्यंतरी रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात सहा दिवस डांबण्यात आले होते, हेही त्याच हकिगतीत आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्लॉइड खटल्यात संघीय न्यायालयाने ही झडतीची रीत घटनाबाह्य ठरवली. तपासलेल्या ४४ लाख प्रसंगांपैकी ८८ टक्क्यांत पुढे ना अटक झाली होती ना दंड. आणि थांबवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी वंशाचे होते.

झडत्या कमी केल्या तर शहर पुन्हा गुन्हेगारांच्या हाती जाईल, अशी भीती घातली गेली. २०१५ मध्ये झडत्या २२,५६५ वर आल्या. १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून पाहिलेल्या या शहरात २०१७ साली ३०० पेक्षाही कमी खून झाले.

इंग्लंडमध्ये लक्ष्य उघड आणि लेखी होते. २००७-०८ पर्यंत वर्षाला साडेबारा लाख गुन्हे ‘न्यायापुढे आणायचे’, असे सरकारने ठरवले. खुनाचा तपास हा एक गुन्हा आणि शाळेच्या मैदानातली ढकलाढकलही एकच. मग पोलीस कुठे वळले? शाळेकडे. पोरांनी पोरांसारखे वागण्याला आयुष्यात प्रथमच गुन्ह्याची नोंद लागू लागली. अशा मुलांची वर्षाची संख्या २००६-०७ च्या सुमारास एक लाखाच्या वर गेली. लक्ष्य काढले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. इंग्लंडची मुले एवढ्यात सद्गुणी झाली, असे कोणीही म्हणणार नाही. २०१० मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी उरलेली केंद्रीय लक्ष्येही रद्द केली. पण लागलेली सवय राहिली होती. लंडनच्या पोलीस दलातल्या एका शिपायाने संसदीय समितीपुढे येऊन गुन्ह्यांचे आकडे कसे रंगवले जातात ते सांगितले. जानेवारी २०१४ मध्ये पोलिसांच्या गुन्हेनोंदीचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा काढून घेण्यात आला आणि त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाने मोजून दाखवले की कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदवलेच गेले नव्हते.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाविषयी लिहिताना एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या मापावर दाब टाकून ते राबवू लागले की ते माप विश्वासाचे राहत नाही. बँकांत हे घडते तेव्हा आकडे बिघडतात. पोलिसांत घडते तेव्हा माणूस कोठडीत जातो.

आता चौथा प्रश्न, कायद्याचा.

भारतीय कायदा अटकेबद्दल काय म्हणतो? संविधानाचा बाविसावा अनुच्छेद अटकेचे कारण सांगायला लावतो आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायला लावतो. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात नोंदवले की सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, आणि तुरुंगांच्या खर्चातला ४३.२ टक्के वाटा अशा माणसांवर जातो. हाच आकडा पुढे ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितले की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याला समर्थन असणे वेगळे. डी. के. बसू प्रकरणाने अटक कशी करावी याची अकरा बंधने घातली. २०१० मध्ये जुन्या संहितेत ४१-अ हे कलम आले: सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नोटीस द्या. २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात न्यायालयाने अधिकाऱ्याला अटकेची कारणे तपासणी-यादीनुसार लिहायला लावली आणि दंडाधिकाऱ्याला ती वाचायला लावली. २०२२ च्या सतेंदर अंतिल प्रकरणात हा नियम मोडला तर आरोपीला जामिनाचा लाभ मिळेल असे बजावले. नोटिशीची ही तरतूद आज नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमात आहे.

तीस वर्षांच्या या कायद्याचे सार एका शब्दात येते: कारण. समोर उभा असलेला हा माणूस, याला आत्ता, या तपासासाठी अटक का हवी? तो पळून जाईल काय? पुरावा बुडवेल काय? साक्षीदाराला धमकावेल काय? उत्तर प्रत्येक माणसागणिक वेगळे येणार, आणि काही महिन्यांत सगळी उत्तरे ‘नाही’ अशीही येऊ शकतात. तक्ता मात्र बेरीज विचारतो. बेरजेला समोरचा माणूस दिसत नाही, आणि तिला ‘या महिन्यात गरज पडली नाही’ हे उत्तर चालत नाही. कायद्याने कारण मागावे आणि बैठकीने बेरीज मागावी, अशी दोन मालकांची चाकरी ठाण्यातल्या माणसाला करावी लागते. दोन्ही मालकांना खूश कसे ठेवायचे? कारण छापून. तपासणी-यादीचे तयार नमुने संगणकात असतात. ‘आरोपी फरार होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जाते, नाव तेवढे बदलते. नियम पाळल्याचा कागद तयार, आणि नियमाचा जीव गेलेला.

याची किंमत कोण देतो? २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतली तीन, खटला पूर्ण न झालेली. सगळ्यांचाच दोष आकड्यांच्या शर्यतीवर टाकता येणार नाही. न्यायालयांचा उशीर, जामिनाची रक्कम, वकिलाचा अभाव ही कारणे मोठी आहेत. पण जामीन भरू न शकणारा माणूस त्या रांगेत लागतो तो ठाण्याच्या दारातून.

किंमत पोलीसही देतो. रकाना रिकामा राहिला की कसुरी अहवाल, खुलाशाची नोटीस, वेतनवाढ रोखणे, आडबाजूची बदली. जे तास घरफोडीच्या तपासाला हवेत ते हमालांच्या पंचनाम्यात जातात. आणि ज्याच्यावर केस झाली तो हमाल पुन्हा कधी खबर देत नाही. हद्दीत परका माणूस येऊन राहिला आहे, कोणाकडे अचानक पैसा आला आहे, हे सर्वांत आधी दिसते ते रस्त्यावरच्या माणसाला. त्याचे तोंड मिटले की पोलीस आंधळा होतो. एका केसने तक्ता एकाने वाढतो आणि खबऱ्या एकाने कमी होतो. दुसऱ्या गोष्टीला रकाना नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. मोजमापच काढून टाकले तर कामचुकाराला मोकळे रान मिळेल. आकडे नव्हते त्या काळी पोलीस फार न्यायी होते, असा काही पुरावा नाही. वशिला, लहर आणि आळस यांना तर मोजमापाचीच भीती असते. म्हणून मोजू नका, असे कोणी म्हणत नाही. काय मोजता, हा मुद्दा आहे. पोलिसाने स्वतः ठरवून वाढवता येते अशी गोष्ट, म्हणजे अटक, केस, झडती, ही मोजली की ती वाढणारच. नागरिकाच्या बाजूने मोजले तर फसवणे अवघड जाते. फोन केल्यावर गाडी किती मिनिटांत आली? तक्रार घेऊन आलेल्यांपैकी किती जणांची प्राथमिकी झाली? चोरीचा माल किती जणांना परत मिळाला? दोषारोपपत्र न्यायालयात टिकले काय? इंग्लंडच्या निरीक्षणालयाने केले ते आपल्याकडेही होऊ शकते: मदतीसाठी आलेल्या फोनची नोंद आणि ठाण्याची गुन्हेनोंद शेजारी ठेवून फरक पाहणे. अटकेच्या रकान्याशेजारी ३५ व्या कलमाखाली दिलेल्या नोटिशींचा रकाना असावा आणि तो मोठा असणे हे चांगल्या तपासाचे लक्षण मानले जावे. बैठकीत दहा अटकांच्या फाइली चिठ्ठी टाकून काढाव्यात आणि प्रत्येकीतले कारण मोठ्याने वाचावे. एकच वाक्य दहादा ऐकू आले की वेगळ्या चौकशीची गरज उरणार नाही.

मोठ्या सुधारणाही नव्या शोधायच्या नाहीत. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात आदेश दिले. त्यांत तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी करण्याचा आदेश आहे, ठाणे प्रमुखाला दोन वर्षांची निश्चित मुदत देण्याचा आहे, तक्रार प्राधिकरणाचा आहे. मुदत निश्चित असलेला अधिकारी एखाद्या बैठकीत ‘या महिन्यात गरज पडली नाही’ असे म्हणू शकतो. उद्याच बदलीची भीती असलेला म्हणू शकत नाही.

शेवटी विषय पुन्हा तासांवर येतो. अटकेचे कारण शोधायला वेळ लागतो. माणसाचा पत्ता पडताळावा लागतो, कुटुंब आहे काय पाहावे लागते, मालकाला फोन लावावा लागतो, नोटीस दिली तर येईल काय याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि मग ते त्याच माणसाविषयीच्या चार ओळींत लिहावे लागते. आठव्या तासाला हे जमते. चौदाव्या तासाला, उद्या सकाळी कोर्ट आणि दुपारी बंदोबस्त असताना, मागच्या फाइलमधले वाक्य उचलून चिकटवले जाते. शिपायाचे तास आणि हमालाची सुटका हे दोन वेगळ्या सभांचे विषय समजले जातात. एकात पोलिसांच्या बाजूचे लोक बोलतात, दुसऱ्यात मानवी हक्कांचे. त्यांनी एकाच सभेत बसावे. दोघांची तक्रार त्याच एका तक्त्याविरुद्ध आहे.